खात्यातून पैसे कापले, पण कशाचे?

ऑगस्ट २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पहिले दोन हप्ते एकदम आले. तीन हजार रुपये. राज्यभर बँकांसमोर रांगा लागल्या, आपल्या खान्देशातही लागल्या, आणि त्या रांगांमधूनच ओरड सुरू झाली. काहींच्या खात्यात तीन हजार जमा झाले, पण हातात कमीच आले. मधले पैसे बँकेनं जुन्या दंडापोटी नाहीतर थकलेल्या हप्त्यापोटी वळते करून घेतले होते. शेवटी सरकारला बँकांना सांगावं लागलं की या पैशांतून काही कापू नका.

पुढच्याच वर्षी उलटसुलट बातम्या आल्या. २०२५ च्या जून-जुलैत कॅनरा बँक, पंजाब नॅशनल बँक, बँक ऑफ बडोदा अशा सरकारी बँकांनी बचत खात्यातल्या कमी शिलकीचा दंड बंद केला. लगेच ऑगस्टमध्ये आयसीआयसीआय बँकेनं महानगरांतल्या नव्या खात्यांना महिन्याला सरासरी ५० हजारांची अट घातली, आरडाओरड झाली आणि काही दिवसांत ती १५ हजारांवर आणली. त्यात भर म्हणून मोबाइलवर अमेरिकेतले व्हिडिओ फिरतात, ‘ओव्हरड्राफ्ट फी’पासून कसं वाचायचं ते सांगणारे. शेवटी सगळ्याची खिचडी होते. पासबुकात पैसे कमी दिसले की कोणी त्याला ओव्हरड्राफ्ट म्हणतं, कोणी जीएसटी म्हणतं, कोणी सरळ चोरी म्हणतं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आपल्याकडे सामान्य माणसाला ओव्हरड्राफ्ट महाग पडत नाही, ओव्हरड्राफ्ट नसणं महाग पडतं. ते कसं, हे जरा मुळापासून बघू.

ओव्हरड्राफ्ट म्हणजे काय

गावातल्या किराणा दुकानात आपलं उधारीचं खातं असतं. दुकानदार माणूस बघून मनात आकडा ठरवतो: यांना पाच हजारांपर्यंत द्यायला हरकत नाही. आपण लागेल तसा माल नेतो, कापूस विकला की भरतो, पुन्हा नेतो. ओव्हरड्राफ्ट हेच आहे. फरक इतकाच की इथं मालाऐवजी पैसे मिळतात आणि वापरलेल्या पैशांवर, वापरलेल्या दिवसांचं व्याज लागतं. खात्यात शिल्लक शून्य असली तरी ठरलेल्या मर्यादेपर्यंत पैसे काढता येतात.

‘वापरलेल्या दिवसांचं’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. समजा मर्यादा पाच लाखांची आणि व्याज १२ टक्के. त्यातले तीन लाख दहा दिवसांसाठी वापरले, तर व्याज होतं साधारण ९८६ रुपये. उरलेल्या दोन लाखांवर काही नाही, अकराव्या दिवसापासूनही काही नाही. साध्या कर्जात पूर्ण रक्कम पहिल्या दिवशीच अंगावर येते, इथं तसं होत नाही.

अमेरिकेतल्या व्हिडिओंचा गोंधळ इथंच होतो. तिकडे खात्यात पैसे नसताना चेक किंवा कार्डाचा व्यवहार आला तर बऱ्याच बँका तो पुरा करून देतात आणि त्याबद्दल ३५ डॉलरपर्यंत शुल्क लावतात. त्या शुल्काला पाच डॉलरची वेसण घालणारा नियम डिसेंबर २०२४ मध्ये झाला होता, तो २०२५ मध्ये तिथल्या संसदेनंच रद्द केला. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२० पासून असं ठोक शुल्क बंद आहे, तिथं फक्त व्याज घेता येतं. भारतात साध्या बचत खात्यावर बँक असा मोठेपणा दाखवतच नाही. पैसे नसतील तर व्यवहार परत पाठवते आणि परत पाठवण्याचं शुल्क घेते. म्हणजे कामही होत नाही आणि पैसेही जातात.

मग पासबुकात कापलेलं ते काय असतं?

जळगाव असो की नंदुरबार, कुठल्याही शाखेत दुपारी अर्धा तास उभे राहा. पासबुक छापायचं यंत्र खरखरत असतं आणि कोणीतरी आप्पा काउंटरवर वही पुढे करून विचारत असतात, “साहेब, मन्हा पैसा कसाना कटनात?” आतला पोरगा मान वर न करता सांगतो, “आप्पा, तुमची ईसीएस रिटर्न गेली.” आप्पांना काही कळत नाही, पण मागे रांग असते म्हणून ते बाजूला होतात.

त्या वहीत आकडा असतो २९५. हा विचित्र आकडा येतो कुठून? २५० रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ४५. कुठे ५९० दिसतात, ते ५०० आणि ९० असतात. दर बँकेगणिक वेगळे, पण हिशेबाची रीत हीच. शुल्क बँकेचं, त्यावरचा कर सरकारचा.

कापलेल्या पैशांचे मुख्य प्रकार तीन. एक, हप्ता किंवा चेक परत गेल्याचं शुल्क. दोन, कमी शिलकीचा दंड. तीन, किरकोळ सेवाशुल्क, म्हणजे एटीएम कार्डाचं वार्षिक शुल्क, एसएमएसचं शुल्क, एटीएमच्या ठरलेल्या फेऱ्यांपेक्षा जास्त फेऱ्यांचे पैसे. आपल्या भागात, महानगर नसल्यामुळे, दुसऱ्या बँकेच्या एटीएमवर महिन्याला पाच व्यवहार फुकट असतात. त्यापुढे १ मे २०२५ पासून एका वेळेला २३ रुपयांपर्यंत आणि वर कर लागतो. खात्यात पैसे नसताना दुसऱ्या बँकेच्या एटीएममध्ये कार्ड घातलं आणि व्यवहार नाकारला गेला, तरी बऱ्याच बँका पैसे घेतात. ‘आले का पैसे’ हे बघायला एटीएमवर जायची सवय म्हणूनच महागात पडते. मिस्ड कॉल देऊन शिल्लक कळते, फुकट.

चौथा एक प्रकार आहे, पण ते शुल्क नाही. मे अखेरीस ४३६ आणि २० रुपये गेलेले दिसले तर ते पंतप्रधान जीवन ज्योती आणि सुरक्षा विम्याचे हप्ते. कधीतरी बँकमित्राकडे अंगठा लावताना होकार दिलेला असतो, तो लक्षात राहत नाही. विमा चांगला आहे, बंद करायच्या आधी दोनदा विचार करा. दोन-तीन बँकांतल्या खात्यांतून तोच विमा दोन-तीनदा कापला जात असेल तर मात्र जास्तीचे बंद करायलाच हवेत, कारण भरपाई एकदाच मिळते.

हप्ता परत गेला की काय काय होतं

खरा मार बसतो तो इथं.

मोटरसायकल, ट्रॅक्टर, फ्रिज किंवा बचत गटाबाहेरचं मायक्रोफायनान्स घेताना आपण एका फॉर्मवर सही करतो, हल्ली आधारचा ओटीपीही देतो. त्या फॉर्मनं फायनान्स कंपनीला आपल्या खात्यातून दर महिन्याला हप्ता ओढून घ्यायचा अधिकार मिळतो. लोक अजून ईसीएसच म्हणतात, आताच्या यंत्रणेचं नाव नॅच. ठरलेल्या तारखेला मागणी येते, खात्यात हप्त्याला दहा रुपये कमी असले तरी ती पूर्ण परत जाते. अर्धा हप्ता घेऊन भागवणं या यंत्रणेला माहीत नाही.

मग आपली बँक परतीचं शुल्क घेते. फायनान्स कंपनी तिचं वेगळं बाउन्स शुल्क लावते, शिवाय उशिराचा दंड. आणि कंपनी गप्प बसत नाही. चार दिवसांनी पुन्हा मागणी टाकते, पुन्हा पैसे नसतात, पुन्हा २९५. एका महिन्यात तीनदा मागणी आली तर एकट्या बँकेचेच ८८५ रुपये होतात. हप्ता तीन हजार दोनशेचा असताना! आणि गंमत बघा, शुल्क ठोक आहे. ५०० चा हप्ता परत गेला काय आणि ५० हजारांचा गेला काय, कापणार तेवढेच. गरिबाला त्याचा चटका जास्त बसतो, हे सांगायला अर्थशास्त्र शिकायला नको.

आता माझं सुरुवातीचं म्हणणं आठवा: ओव्हरड्राफ्ट नसणं महाग पडतं. याच माणसाला बँकेनं तीन हजार दोनशे रुपयांचा ओव्हरड्राफ्ट पाच दिवसांसाठी १२ टक्क्यांनी दिला असता, तर व्याज झालं असतं सव्वापाच रुपये.

बऱ्याच जणांना एक गोष्ट अजून माहीत नाही. १ ऑगस्ट २०२१ पासून नॅच आठवड्याचे सातही दिवस चालतं. ‘पाच तारखेला रविवार आहे, बँक बंद, हप्ता सोमवारी जाईल’ हा हिशेब तेव्हापासून मोडला. मागणी सकाळी लवकरच येते, म्हणून पैसे आदल्या संध्याकाळपर्यंत खात्यात पाहिजेत. सकाळी अकराला रोकड घेऊन शाखेत गेलात तर गाडी निघून गेलेली असते.

चेकचंही तसंच झालंय. व्यापारी मंडळी आज चेक फाडून द्यायची आणि ‘वटायला दोन दिवस लागतात, तोवर भरतो’ म्हणायची. ४ ऑक्टोबर २०२५ पासून दिवसभरात दाखल झालेले चेक त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत निकाली काढायची पद्धत सुरू झाली. त्यामुळे ते दोन दिवस आता हाताशी धरू नका. चेक न वटणं हा परक्राम्य लेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली गुन्हा आहे: समोरच्यानं ३० दिवसांत नोटीस द्यायची, नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत आपण पैसे चुकते केले नाहीत तर कोर्ट, आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. नॅच परत जाण्यालाही २००७ च्या पेमेंट कायद्याच्या कलम २५ खाली तशीच तरतूद आहे. फायनान्सवाल्यांचे वसुली एजंट हे कलम फोनवर फार चवीनं ऐकवतात. एखाद-दुसऱ्या हप्त्यावरून लगेच पोलीस येत नाहीत, पण नोटीस आली तर ती कपाटावर टाकू नका.

आपल्याकडे हे जास्त का होतं?

कारण हप्ता महिन्याचा आणि उत्पन्न हंगामाचं. कापसाचे पैसे दिवाळीच्या आगेमागे सुरू होतात. रावेर-यावलचा केळीवाला घड कापून देतो, पैसे व्यापाऱ्याकडून आठ-पंधरा दिवसांनी येतात, भाव पडला तर अजून उशिरा. नंदुरबारची मिरची, शिरपूर-चोपड्याचा हरभरा, सगळ्यांचं कॅलेंडर वेगळं. फायनान्स कंपनीचं कॅलेंडर मात्र एकच: दर महिन्याची पाच तारीख.

म्हणून मला वाटतं, आधी तारखेवर काम करावं. कर्ज घेताना सेल्समन जी तारीख टाकेल ती मान्य करायची सक्ती नाही. घरात कोणाचा पगार सातला होत असेल तर दहा तारीख मागा. चालू कर्जातही लेखी मागितली तर काही कंपन्या तारीख बदलून देतात. ट्रॅक्टरला तर तिमाही किंवा सहामाही हप्ते मिळतात. हंगामावर जगणाऱ्यानं महिन्याचा हप्ता घेणं मला तरी पटत नाही.

दुसरं, हप्त्याचं खातं वेगळं ठेवा. ज्या खात्यात पीएम-किसानचे दोन हजार, फळपीक विम्याची भरपाई किंवा लाडक्या बहिणीचे पंधराशे येतात, त्याच खात्यावर मोटरसायकलची नॅच लावली, की अनुदान आल्या आल्या हप्त्यात जातं आणि खताला पैसे उरत नाहीत.

आणि हप्ता चुकणारच हे दिसत असेल तर तारखेच्या आधीच कंपनीला कळवून यूपीआयनं भरा, निदान मागणी पुन्हा पुन्हा टाकू नका असं लेखी कळवा. काही जण चिडून बँकेत नॅचच रद्द करतात. तो आपला हक्क आहे, पण त्यानं कर्ज माफ होत नाही. फक्त हप्ता स्वतः जाऊन भरायची जबाबदारी अंगावर येते.

कमी शिलकीचा दंड कसा मोजतात?

लोकांना वाटतं, शिल्लक एक दिवस जरी दोन हजारांच्या खाली गेली की दंड. तसं नाही. बहुतेक बँका महिन्याची सरासरी काढतात. रोजची दिवसअखेरची शिल्लक घ्यायची, बेरीज करायची, दिवसांनी भागायची. वीस दिवस ५०० रुपये आणि दहा दिवस ९ हजार असतील तर सरासरी येते ३,३३३. दोन हजारांची अट आरामात पुरी. इतकंच काय, केळीचे ६० हजार एक रात्र खात्यात राहिले आणि बाकी महिनाभर खडखडाट असला, तरी तीस दिवसांच्या महिन्याची सरासरी दोन हजार भरते. ही युक्ती नव्हे, अंकगणित आहे. पैसे आले त्याच दिवशी संध्याकाळी सगळे काढण्याऐवजी दुसऱ्या दिवशी सकाळी काढले तरी फरक पडतो.

रिझर्व्ह बँकेचे याबाबतचे नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू आहेत आणि ते ग्राहकाच्या बाजूचे आहेत. शिल्लक कमी झाली तर बँकेनं आधी कळवायचं, ती भरून काढायला एक महिना द्यायचा, आणि दंड कमी पडलेल्या रकमेच्या प्रमाणात लावायचा. अट पाच हजारांची, सरासरी एक हजार, म्हणजे तूट चार हजार. बँकेचा दर सहा टक्के असेल तर दंड २४० आणि कर धरून २८३ रुपये २० पैसे. तूट पाचशेची असो की पाच हजारांची, सरसकट एकच दंड लावला असेल तर विचारा.

सर्वात कामाचा नियम हा: निव्वळ या दंडामुळे बचत खातं वजा शिलकीत जाता कामा नये. शून्यावर आलं की थांबायचं.

“माझ्या खात्यात तर मायनस दिसतंय!”

मोबाइल अॅपवर कधी वजा अठराशे दिसतं, कधी ‘होल्ड’ दिसतो. होल्ड म्हणजे बँकेनं ठरावीक रकमेवर बोट ठेवलंय: पुढे पैसे आले की आधी एवढे आमचे. परत गेलेल्या हप्त्यांच्या शुल्काचा असा होल्ड लागतो. कर्ज त्याच बँकेचं असेल तर थकलेला हप्ता वळता करून घ्यायचा हक्कही बँकेकडे असतो. पण ती रक्कम केवळ कमी शिलकीच्या दंडाची असेल, तर वरचा नियम दाखवून ती काढून टाका म्हणावं. ‘आधी अठराशे भरा, मग खातं बंद करतो’ हे उत्तर अशा वेळी चालत नाही.

जुन्या पडून राहिलेल्या खात्यांचं वेगळं आहे. दोन वर्षं खातेदारानं स्वतः काहीच व्यवहार केला नाही की खातं निष्क्रिय होतं. १ एप्रिल २०२४ पासूनच्या नियमांत स्पष्ट आहे, की निष्क्रिय खात्यावर कमी शिलकीचा दंड नाही आणि ते पुन्हा चालू करायलाही पैसे नाहीत. लाडकी बहीणसाठी जुनी खाती उकरून काढली गेली तेव्हा हा नियम लागू झालेला होता. काउंटरवर किती जणींना तो कोणी सांगितला, देव जाणे.

“पण बँकेलाही खर्च असतोच ना?”

असतो. शाखा, माणसं, एटीएम, पासबुकाची शाईसुद्धा. शून्य शिलकीच्या खात्यातून बँकेला काही सुटत नाही हे खरं. पण २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सरकारी बँकांनी कमी शिलकीच्या दंडापोटी सुमारे साडेआठ हजार कोटी गोळा केले, असं सरकारनंच संसदेत सांगितलं. स्टेट बँकेनं हा दंड मार्च २०२० मध्येच बंद केला होता, म्हणजे देशातली सर्वात मोठी बँक जवळपास बाहेर असतानाचा हा आकडा आहे. ज्यांच्याकडे दोन हजार टिकत नाहीत त्यांच्याकडून एवढी रक्कम उभी राहते, तेव्हा तो खर्च वसूल करणं राहत नाही, धंदा होतो. २०२५ मध्ये बाकीच्या बहुतेक सरकारी बँकांनी माघार घेतली ते बरंच झालं.

पण म्हणून ‘आता सरकारी बँकेत काहीच कापत नाहीत’ असं धरून चालू नका. सुटला तो कमी शिलकीचा दंड. हप्ता परत गेल्याचं शुल्क, एटीएमचं, कार्डाचं, ते सगळं आहे तिथंच आहे. खासगी बँकांत शिलकीची अटही आहे.

अट नकोच असेल तर मूलभूत बचत ठेव खातं मागा. प्रत्येक बँकेला ते द्यावं लागतं, आधीचं बचत खातंही अर्ज देऊन त्यात बदलता येतं. शिल्लक शून्य चालते, एटीएम कार्ड फुकट, महिन्याला किमान चारदा पैसे फुकट काढता येतात. अट एकच: त्याच बँकेत दुसरं बचत खातं ठेवता येत नाही.

जनधनचे दहा हजार

दर दोन-चार महिन्यांनी व्हॉट्सअॅपवर फिरतं: जनधन खात्यात मोदी सरकार दहा हजार टाकतंय. ते अनुदान नाही, ओव्हरड्राफ्टची मर्यादा आहे. योजना २८ ऑगस्ट २०१४ ला सुरू झाली तेव्हा मर्यादा पाच हजार होती, २०१८ मध्ये दहा हजार झाली. दोन हजारांपर्यंत फारशा अटी नाहीत. त्यापुढे खातं किमान सहा महिने नीट चाललेलं पाहिजे, आणि घरातल्या एकालाच, शक्यतो बाईच्या नावावर मिळतो. वय १८ ते ६५. वापरलेल्या रकमेवर व्याज लागतं. दहा हजार महिनाभर वापरले, दर १२ टक्के धरला, तर शंभर रुपये.

शंभर रुपये महिना म्हणजे सावकाराच्या शेकडा तीन-पाचाच्या पुढे काहीच नाही. तरीही शाखेत मागायला गेलं की टाळाटाळ होते, कारण इतक्या छोट्या कर्जाचा कागद करायचा कोणाला उत्साह नसतो. लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

काहींचं जनधन खातं ‘छोटं खातं’ म्हणून उघडलेलं असतं, अर्धवट कागदपत्रांवर. त्यात वर्षाला एक लाखाच्या वर जमा होत नाही आणि शिल्लक ५० हजारांवर जाऊ शकत नाही. केळी विम्याची मोठी भरपाई अशा खात्यात अडकते आणि लोक म्हणतात बँकेनं पैसे दाबले. आधार-पॅन देऊन केवायसी पूर्ण केली की ही अडचण संपते.

मुदत ठेव असेल तर तिच्यावरचा ओव्हरड्राफ्ट हा माझ्या मते सगळ्यात स्वस्त मार्ग. ठेवीच्या साधारण ९० टक्क्यांपर्यंत मर्यादा मिळते, व्याज ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त. पंधरा दिवसांच्या अडचणीसाठी पोरीच्या लग्नाची ठेव मोडायची गरज नाही.

व्यापाऱ्याचं सीसी, शेतकऱ्याचं पीक कर्ज

जिनिंगवाले, डाळमिलवाले, सराफ, खताचे दुकानदार यांना हे नवीन नाही, त्यांचा सगळा धंदा सीसीवर, म्हणजे कॅश क्रेडिटवर, मालाच्या तारणावरच्या ओव्हरड्राफ्टवर चालतो. तरी दंड त्यांनाही बसतो, आणि तो कुठून येतो हे बऱ्याचदा सीएला विचारावं लागतं. गोम अशी आहे: मंजूर मर्यादा ५० लाख असली तरी खरी उचल मालावर ठरते. गोदामात ४० लाखांचा माल, बँकेचं मार्जिन, म्हणजे ज्यावर बँक पैसे देत नाही तो हिस्सा, २५ टक्के, म्हणजे उचलता येतात ३० लाखच. ३५ उचलले तर वरच्या पाचावर दंड. स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे मालाचा हिशेब, वेळेवर दिलं नाही तरी दंड. पण १ एप्रिल २०२४ पासून नव्या आणि ३० जून २०२४ पर्यंत जुन्या कर्जांनाही लागू झालेला नियम असा, की हा दंड व्याजदरात मिसळता येत नाही आणि दंडावर पुन्हा व्याज लावता येत नाही. आपला उतारा काढून बघा, वेगळी ओळ दिसली पाहिजे. आणि सलग ९० दिवस खातं मर्यादेबाहेर राहिलं तर ते थकीतमध्ये, एनपीएत, जातं. मग पुढची बरीच वर्षं बँकेत मान खाली.

किसान क्रेडिट कार्डाचं पीक कर्जही याच जातीचं आहे. वेळेवर भरलं तर तीन लाखांपर्यंत केंद्राची सूट आणि डॉ. पंजाबराव देशमुख योजनेची सवलत मिळून व्याज शून्यावर येतं. तारीख चुकली की सवलत गेली. म्हणून मार्च महिन्यात नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं कर्ज भरून नवं उचलायला, सगळा गाव शाखेत असतो. चार दिवसांसाठी हातउसने घेऊन का होईना पण लोक खातं फिरवतात, आणि त्यांचा हिशेब बरोबर आहे.

कापलेले परत मिळतात का?

बऱ्याचदा मिळतात, मागितले तर. चुकीनं लागलेला दंड तर परत करावाच लागतो. बरोबर लागलेलं शुल्कही पहिल्यांदाच झालं असेल तर शाखाधिकारी आपल्या अधिकारात परत करू शकतो, बाकी वागणूक चांगली असेल तर करतोही. तोंडी मागू नका. साध्या कागदावर खातं क्रमांक, तारीख, रक्कम आणि ‘हे कोणतं शुल्क आणि कोणत्या दरपत्रकानुसार लावलं’ हा एक प्रश्न लिहा. दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. त्या प्रश्नाचं उत्तर लेखी द्यायची वेळ आली की बरीच प्रकरणं तिथंच मिटतात.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल. नोव्हेंबर २०२१ पासून सगळ्या देशासाठी एकच व्यवस्था आहे. तक्रार ऑनलाइन करता येते, चंदीगडला टपालानं पाठवता येते, चौकशीला १४४४८ हा क्रमांक आहे. पैसे लागत नाहीत. वकीलही लागत नाही, उलट वकिलानं तुमच्या वतीनं केलेली तक्रार तिथं घेतच नाहीत. आधी बँकेकडे लेखी तक्रार केल्याचा पुरावा मात्र हवा, म्हणून तो शिक्का.

जिल्हा मध्यवर्ती बँकाही १ नोव्हेंबर २०२५ पासून या लोकपालाच्या कक्षेत आल्या आहेत. पतसंस्था नाहीत. खान्देशात पतसंस्थांचं पेव किती होतं आणि ठेवीदारांचं काय झालं हे इथं कोणाला सांगायला नको. पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० खाली चालते, त्यामुळे तिच्या बोर्डावर काहीही लिहिलेलं असलं तरी तिची तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे द्यायची. तिथंही दोन प्रती न्यायच्या.